उन्हाच्या गावात मुडदूस
(वालूर, ता. सेलू, जि. परभणी येथे महिलांपुढे केलेले भाषण)



वालूरला उन्हाचा काय तोटा? तरी मी मुडदुसाबद्दल बोलणार आहे. पाय वाकणं, मनगटं जाड होणं, मूल उशिरा चालणं ही त्याची लक्षणं. अन्नातलं कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व हवं. ते उन्हानं आपल्या कातडीत तयार होतं आणि यकृतात व मूत्रपिंडात बदलून मगच कामाला येतं.

मग सगळ्या मुलांत ते सारखं का नाही? केंद्र सरकारनं २०१६ ते २०१८ मध्ये देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी केली. एक ते चार वर्षांच्या १४ टक्के, पाच ते नऊच्या १८ टक्के आणि दहा ते एकोणीसच्या २४ टक्के मुलामुलींत ‘ड’ कमी निघालं. खेड्यापेक्षा शहरात जास्त, आणि वयात येणाऱ्या मुलांपेक्षा मुलींत कितीतरी जास्त! सावळ्या कातडीला ऊन जास्त वेळ लागतं हे खरं. पण एकाच घरातल्या बहीण-भावाचं काय? न्हाण आलं की पुष्कळ घरांत पोरीचं अंगण सुटतं. भाऊ मात्र बाहेर खेळतच असतो.

दुसरी गोष्ट ताटातली. कॅल्शियम कमी पडलं, की ते ओढून घेण्यासाठी शरीर ‘ड’ जास्त वापरतं आणि साठवणीतलं लवकर संपतं. नायजेरियात १९९० च्या दशकात भर उन्हात वाढलेल्या मुलांचा मुडदूस नुसत्या ‘ड’पेक्षा कॅल्शियमनं जास्त बरा झाला. पुण्यात गरीब घरच्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना वर्षभर जास्त कॅल्शियमचे लाडू आणि ‘ड’ दिलं, तेव्हा त्यांची हाडं भरली. आता सांगा, आपल्या घरात दूध आधी कुणाच्या पेल्यात पडतं? डेअरीला घालून उरलेलं कुणाला मिळतं?

या पोरीच पुढे आया होतात. आईच्याच अंगात ‘ड’ नसेल तर बाळाला कुठून मिळणार? अंगावरच्या दुधात ते मुळातच थोडं असतं. लहानपणी मुडदुसानं कमरेचं हाड अरुंद झालं, तर बाळंतपणात जिवावर बेततं.

तेव्हा काय करायचं? अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हात ‘ड’ फारसं बनत नाही. दहा-अकराच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ मुलामुलींना बाहेर राहू द्या. उन्हाळ्यात मात्र चटका बसेपर्यंत नको. दूध, ताक, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला मुलीच्याही ताटात वाढा. तान्ह्या बाळाला वर्षाचं होईपर्यंत रोज ‘ड’चे ४०० युनिट थेंबांतून द्यावेत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. डॉक्टरांना विचारून ते सुरू करा.

आणि गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज कॅल्शियम व ‘ड’च्या दोन गोळ्या मिळाल्या पाहिजेत, हे सरकारचंच धोरण आहे. लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्यायची. उपकेंद्रात “गोळ्या संपल्या” म्हणाले, तर एकटीनं परत फिरू नका. दहाजणी मिळून जा, आणि कधी येतील ते लेखी मागा.