दोन्ही टोकांकडून वाट
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला सांगितलं, "तुमच्या कामाबद्दल बोला, पण आजी-आजोबांनाही कळेल असं बोला." माझं काम म्हणजे मोठ्या संस्थांच्या डेटा सेंटरमध्ये स्टोरेज बसवणं. त्यातला बराचसा वेळ रॅकच्या मागे गुडघे टेकून केबली लावण्यात जातो. तेव्हा आज केबलींबद्दलच बोलतो.

आपल्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये एखादी डिस्क असते. बँकेला, हॉस्पिटलला त्या शेकड्यांनी लागतात. त्या चपट्या धातूच्या खोक्यांत बसवतात. आम्ही खोक्याला शेल्फ म्हणतो. एका शेल्फमध्ये १२ किंवा २४ डिस्क, हे नेहमीचे आकडे. शेल्फला स्वतःची अक्कल बेताचीच. ती असते कंट्रोलरमध्ये. कंट्रोलर दोन असतात, एक आजारी पडला तर दुसऱ्याने गाडा ओढायचा. प्रत्येक शेल्फच्या मागेही दोन मॉड्यूल असतात, त्यांना अ आणि ब म्हणू. एवढंच काय, सॅस जातीच्या प्रत्येक डिस्कला दोन पोर्ट असतात, एक अ कडे जाणारं, एक ब कडे. म्हणजे कारखान्यातून सगळं जोडीनं येतं. ती जोडी टिकते की मोडते, हे केबल लावणाऱ्याच्या हातात!

इथे कुणी जाणकार म्हणेल, "अहो, पण रेड आहे ना?" आहे. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी तो प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हापासून एक-दोन डिस्क गेल्या तर बाकीच्या सांभाळून घेतात, ही सोय आपल्याला माहीत आहे. पण शेल्फची वाटच तुटली तर २४ डिस्क एकदम दिसेनाशा होतात. डिस्क ठणठणीत असतात, पण तिथवर पोचता येत नाही. तेवढ्या मोठ्या खड्ड्याला रेड सहसा पुरत नाही.

आता केबली कशा लावतात ते सांगतो. कंट्रोलरपासून पहिल्या शेल्फला, पहिल्यातून दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला, अशी साखळी. अ ची एक, ब ची एक. सोपी पद्धत म्हणजे दोन्ही साखळ्या वरून खाली न्यायच्या. दिसायला छान, केबलीही आखूड पुरतात. पण समजा पाच शेल्फ आहेत आणि तिसरं पूर्ण बंद पडलं. मग चौथं आणि पाचवं दोन्ही बाजूंनी तुटलं.

म्हणून अ ची साखळी वरून सुरू करायची आणि ब ची तळापासून वर आणायची. कोकण रेल्वे डोळ्यापुढे आणा. पावसाळ्यात मधे दरड कोसळली तर मुंबईहून निघालेली गाडी अलीकडपर्यंत येऊ शकते आणि मडगावहून निघालेली पलीकडपर्यंत. अडकतं ते फक्त दरडीखालचं. खर्च म्हणाल तर एका लांब केबलीचा. (काही कंपन्यांच्या यंत्रांना त्यांचा स्वतःचाच क्रम लागतो. तिथे आपलं शहाणपण चालवायचं नाही, पुस्तकातलं चित्र समोर ठेवायचं.)

एका हॉस्पिटलात आम्ही कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदलायला गेलो होतो. पेशंटचे सगळे स्कॅन त्याच पाच शेल्फवर. काम नेहमीचंच: आधी कंट्रोलर अ थोडा वेळ बंद करायचा, तोवर ब सगळं बघतो. रॅकच्या पुढचे सगळे दिवे हिरवेगार. तिथले गृहस्थ म्हणाले, "तीन वर्षांत कधी कुरकुर नाही, करा सुरू." आमच्या बरोबरची मुलगी नवीन होती, पण चिकट. तिने मागे जाऊन एकेक पोर्ट बघितलं. ब च्या साखळीत तिसऱ्या आणि दुसऱ्या शेल्फमधल्या केबलीचा दिवा बंद! केबल होती, पण कट्ट असा आवाज होईपर्यंत आत बसलेली नव्हती. म्हणजे वरच्या दोन शेल्फना ब ची वाट नव्हतीच. आम्ही कंट्रोलर अ बंद केला असता, तर ४८ डिस्क भर दुपारी गायब झाल्या असत्या. यंत्र काही मुकं नव्हतं बरं का; "एकच वाट उरली आहे" असा इशारा ते दर आठवड्याला ईमेलने पाठवत होतं. तो जात होता नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर.

चालू यंत्रावरच केबल दाबून बसवली, दोन्ही वाटा दिसतात याची खात्री केली आणि मगच पुढचं काम केलं.

आता नवं यंत्र लावलं की त्यावर डेटा यायच्या आत मी प्रत्येक केबल एकेकदा उपटून बघतो. ग्राहकांना हे मुळीच आवडत नाही. चालू असलेल्या गोष्टीला हात कशाला लावता, असा चेहरा करतात. पण उपटलेल्या केबलीने एकही डिस्क दिसेनाशी झाली नाही, हे तेव्हाच बघून घ्यायचं असतं. चिठ्ठी केबलीच्या दोन्ही टोकांना हवी, आणि तिच्यावर डावं-उजवं लिहायचं नाही, कारण रॅकच्या मागे गेलं की डाव्याचं उजवं होतं. शिवाय काही शेल्फमध्ये एक मॉड्यूल चक्क उलटं बसवलेलं असतं! शेल्फचा नंबर, अ की ब, आणि पोर्ट, एवढं पुरतं. अलीकडच्या काही शेल्फना सॅसऐवजी इथरनेटच्या केबली लागतात, पण चिठ्ठ्या आणि दोन वाटा तिथेही लागतातच.

आणि केबल उपटल्यावर इशारा कुणाच्या फोनवर वाजतो, तेही तिथेच उभं राहून ऐकतो. त्या हॉस्पिटलात तो आता दोघांना जातो.