रस्त्यावरील रुग्णांचा वैद्य

भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन. मुंबईकडून आलेला लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा खांडव्यावरून इटारसीकडे. सुरतेचा मार्ग जळगावास येऊन मिळतो. तिकडे धुळ्यास मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे हमरस्ते एकमेकांस छेदतात. अशा नाक्यांवर व्यापारी येतात, यात्रेकरू येतात, आणि कधी एखादा असाही मनुष्य उतरतो की, ज्याला आपण कोठे आलो हेच ठाऊक नसते. केसांच्या जटा, अंगावर चिंध्या, ओठांत अखंड पुटपुट. लोक त्यास 'वेडा' म्हणतात व वळसा घालून पुढे जातात. तोही कोणाचा तरी मुलगा असेल, हा विचार मनात आला तरी टिकत नाही.

ज्यांच्या मनात तो टिकला, त्या डॉक्टर भरत वाटवानी यांची हकीकत खानदेशच्या श्रोत्यांस म्हणूनच परकी वाटू नये. वडील लवकर निवर्तल्यामुळे या भावंडांवर लहान वयातच पोटापाण्याची चिंता पडली. भरत दारोदार पुस्तके विकीत. त्याच कष्टांतून ते वैद्यकीचे शिक्षण घेऊन मनोविकारतज्ज्ञ झाले. पत्नी स्मिता याही त्याच शास्त्रातल्या. येथवरची कथा अनेकांची असते.

1988 च्या सुमारास मुंबईत हे दांपत्य एका उपाहारगृहात बसले असता, समोर एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातील पाणी पिताना दिसला. दोघांनी त्यास आपल्या रुग्णालयात नेले. औषधोपचाराने तो शुद्धीवर आला, तेव्हा कळले की, हा विज्ञानाचा पदवीधर असून वैद्यकीय प्रयोगशाळेच्या कामाची पदविकाही त्याने घेतली आहे. घर आंध्रात आहे व वडील जिल्हा परिषदेत अधिकारी आहेत! त्याच वर्षी 'श्रद्धा' ही संस्था निघाली.

पुढे दहिसरला जागा घेतली, तर शेजाऱ्यांनीच हरकत केली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. निकाल संस्थेच्या बाजूने लागला. वेड्यांची दया सर्वांस येते. फक्त ते आपल्या शेजारी नकोत, एवढेच! बाबा आमटे यांच्या सहवासाने या कामाची झेप वाढली व 2006 साली कर्जत येथे मोठे केंद्र उभे राहिले.

तेथील उपचारांत गूढ असे काही नाही. मळ काढून स्नान, पोटभर अन्न, आणि स्किझोफ्रेनियासारख्या विकारावरील औषधे. काही आठवड्यांत भ्रम ओसरू लागतो. मग खरी कसोटी लागते ती भाषेची. रुग्ण कधी नुसते गावाचे नाव सांगतो, कधी जवळच्या स्थानकाचे, कधी एखाद्या देवळाचे. अहिराणीखेरीज काही न बोलणारा मनुष्य दूर दक्षिणेत सापडला, तर त्याचे बोलणे तेथे कोणास उमगावे? म्हणून निरनिराळ्या भाषा जाणणारे कार्यकर्ते लागतात. तेच रुग्णाबरोबर आगगाडीने जाऊन त्यास घरी पोचवितात. 2018 साली वाटवानींना मॅगसेसे पारितोषिक मिळाले, तोवर अशा रीतीने 7,000 हून अधिक माणसे आपल्या घरी परतली होती.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 प्रमाणे, मनोरुग्ण भासणारा व स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असा मनुष्य आपल्या हद्दीत भटकताना आढळल्यास, त्यास संरक्षणाखाली घेणे हे पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचे काम आहे. 24 तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी न्यावे लागते. तेव्हा फलाटावर किंवा बसस्थानकावर असा मनुष्य दिसला, तर ठाण्यावर वर्दी देता येते.

घरी पोचलेल्या रुग्णाची औषधे मात्र बंद पडता कामा नयेत. मुलगा बरा दिसतो, पैसेही जपायचे असतात, म्हणून घरची मंडळी गोळ्या थांबवितात. काही महिन्यांत जुना विकार उसळतो आणि तोच मुलगा एखाद्या रात्री पुन्हा गाडीत चढतो.