परदेशी विद्यापीठांसाठी शाळेचे पत्र

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



स्वतः मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मजसारख्या शिक्षकाने अमेरिकेतील विद्यापीठांच्या प्रवेशाविषयी बोलावे, हे काहींस विचित्र वाटेल. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या ज्ञातीतील चार कुटुंबे एका कागदासाठी माझ्या दारी आली. त्या निमित्ताने जे समजले, ते आपल्या कानी घालणे मी कर्तव्य समजतो.

आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ एवढा एक शब्द असतो. चारित्र्याचा दाखला मागितला तर एक ठराविक वाक्य लिहून शिक्का मारतात. ते वाक्य मीही शेकडो वेळा लिहिले आहे. नाव तेवढे बदलत असे. सालस मुलास तेच आणि बाके कोरणाऱ्यासही तेच. त्याने कोणाचे काही बिघडले नाही, कारण तो दाखला कोणी वाचीतच नसे. अमेरिकेत मात्र हा कागद वाचतात, सारा घोटाळा येथे आहे.

तिकडे एक हजाराहून अधिक महाविद्यालये ‘कॉमन ॲप्लिकेशन’ नावाचा एकच अर्ज स्वीकारतात. त्यात विद्यार्थ्याने आपला भाग भरावयाचा. शाळेच्या समुपदेशकाने शाळेची माहिती, नववी ते बारावीचे गुण आणि आपले पत्र स्वतः पाठवावयाचे. एक-दोन विषयशिक्षकांची पत्रे बहुधा निराळी लागतात. सर्वच ठिकाणी ही अट नसते; कॅलिफोर्निया विद्यापीठ पदवीच्या प्रवेशासाठी सामान्यतः असे पत्र मागत नाही. जेथे मागतात, तेथे ते विद्यार्थ्यास न दाखविता जाते. १९७४ च्या तिकडील एका कायद्याने विद्यार्थ्यास आपल्याविषयीची कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. परंतु शिफारसपत्रापुरता तो हक्क अर्जदार बहुधा सोडून देतो, म्हणजे लिहिणाऱ्यास मोकळेपणाने लिहिता येते.

आमच्याकडे समुपदेशकच नाही, मग काय करावे, असे पालक विचारतात. नसेल तर प्राचार्य, उपप्राचार्य अथवा वर्गशिक्षक हे काम करू शकतात. आणि तिकडे तरी सर्व सुरळीत आहे असे मानू नये. एका समुपदेशकाकडे २५० विद्यार्थी असावेत अशी तेथील समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस आहे. देशाची सरासरी प्रत्यक्षात ३५० च्या वर आहे. तोही प्रत्येकास ओळखीत नाही. म्हणून मुले त्यास आपली माहिती लिहून देतात.

आपली खरी अडचण वेगळी आहे. दहावीस शाळा सुटते आणि मूल कनिष्ठ महाविद्यालयात जाते. पत्र लिहिण्याची वेळ येते बारावीच्या दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ओळख जेमतेम सव्वा वर्षाची. त्यातही आजकाल मुले नाव एकीकडे घालतात आणि सारा दिवस शिकवणी-वर्गात बसतात. नववीचे प्रगतिपत्रक तर कोणी जपून ठेवीत नाही. त्यासाठी जुन्या शाळेचे उंबरठे झिजवावे लागतात.

माझ्या शेजारच्या कुटुंबातील एका कन्येचे असेच झाले. ती महाविद्यालयात केवळ प्रात्यक्षिकांपुरती जात असे. ऑक्टोबरात वडिलांनी पत्र मागितले, तेव्हा उपप्राचार्य म्हणाले, “मी या मुलीस ओळखीत नाही, लिहू काय?” वडील संतापले. दुसऱ्या दिवशी ते एका मध्यस्थाकडून छान इंग्रजीत पत्र तयार करवून घेऊन आले आणि, “मास्तर, आपण सोबत चला, तुमच्या शब्दाने सही होईल,” असे मला म्हणाले. मी ते पत्र वाचले. त्यात नेतृत्व होते, समाजसेवा होती, सारे काही होते. ती मुलगी तेवढी नव्हती. मी गेलो नाही. उपप्राचार्यांचे म्हणणेच मला रास्त वाटले. यावरून आमच्यात काही दिवस बोलणे नव्हते.

पुढे ती स्वतःच महाविद्यालयात गेली. पदार्थविज्ञानाचे प्रात्यक्षिक घेणाऱ्या शिक्षकांस ती आठवत होती. मीटर ब्रिजच्या प्रयोगात तिचे आकडे जुळत ना. शेजारच्या मेजावरचे उतरवून घेण्याची सोय होतीच. हिने घेतले नाहीत. सर्व मुले गेल्यावरही थांबून सैल पडलेली एक जोडणी तिने शोधून काढली, आणि मग वही पुरी केली. त्या शिक्षकांनी एवढेच लिहिले. त्यांच्याशी बोलून उपप्राचार्यांनीही आपले पत्र लिहिले, आणि मुलीस किती दिवसांपासून ओळखतो हे त्यात खरे खरे नमूद केले. १ नोव्हेंबरची मुदत हुकली. १ जानेवारीची साधली. एका ठिकाणी प्रवेश मिळाला, परंतु आर्थिक साहाय्य पुरेसे न मिळाल्याने ती गेली नाही. आज ती पुण्यास शिकत आहे.

ज्यांची मुले यंदा अकरावीत आहेत, त्यांनी वर्ष संपण्यापूर्वी मुलास शिक्षकांकडे पाठवावे; स्वतः जाऊ नये. मागणी मुलाने करावी, आणि मुदतीच्या निदान दोन महिने आधी. शिक्षकांस इंग्रजीचा संकोच वाटत असेल तर त्यांनी मराठीत लिहावे. भाषांतर मात्र घरच्या माणसाने करू नये, शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकांकडून करवून घ्यावे. पत्र महाविद्यालयाच्या ई-मेल पत्त्यावरून जाईल असे पाहावे. आणि नववीचे प्रगतिपत्रक आजच शोधावे.

रविवारी सकाळी मी मंडळाच्या कार्यालयात असतो. पत्र लिहून मिळणार नाही. मुलाने दोन वर्षांत काय केले, कोठे अडले, ते एका कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून आणावे. मी ते वाचीन आणि जेथे खोटे वाटेल तेथे तांबड्या शाईने खूण करीन.