दिल्ली की पुणे? : आपल्या मुलांच्या विद्यापीठाचा प्रश्न
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत भोपाळ येथे पालकांपुढे दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या वक्त्यांनी संतसाहित्यावर आणि मराठी रंगभूमीवर विवेचन केले. त्यांच्या पाठोपाठ मी प्रवेशअर्ज आणि दाखले यांविषयी बोलणार आहे, याचा मला थोडा संकोच वाटतो. परंतु गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या पंगतीत जी चर्चा माझ्या कानी पडली, तीत निम्मी तरी ‘मुलाला दिल्लीला पाठवावे की पुण्याला’ याच एका प्रश्नाभोवती फिरत होती. आमच्या चिटणीसांनीही ती ऐकली आणि हा विषय माझ्या गळ्यात बांधला.

भोपाळच्या फलाटावर हा प्रश्न अगदी डोळ्यांसमोर उभा राहतो. झेलम एक्सप्रेस एका दिशेने जाताना दिल्लीला पोहोचविते, उलट दिशेने येणारी तीच गाडी पुण्याला नेते. मध्ये आपण. एका टोकाला देशाची राजधानी, दुसऱ्या टोकाला आजोळ. विद्यापीठे दोन्ही सरकारी, दोन्ही विशाल, दोन्हींना नाव आहे. मग निवड करावी ती कशाच्या आधारे?

प्रथम एक गैरसमज दूर करतो. ‘पुणे विद्यापीठ’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा जुना वाडा आणि सुमारे ४११ एकरांचा तो वृक्षराजीचा परिसर येतो. परंतु बारावीनंतर जाणाऱ्या मुलाचा त्या इमारतीशी संबंध बहुधा पदवीच्या कागदापुरताच येतो. तेथील विभाग मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणाचे आहेत. मूल शिकणार ते एखाद्या संलग्न महाविद्यालयात. अशी महाविद्यालये पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत शेकड्यांनी पसरलेली आहेत. दिल्लीचीही तीच कथा. तेथे नव्वदच्या आसपास महाविद्यालये आहेत. त्यांतील काही उत्तर परिसरात एकमेकांना खेटून उभी आहेत, तर एखादे बवानाला आणि एखादे द्वारकेला. ‘आमचा मुलगा दिल्ली विद्यापीठात आहे’ हे वाक्य तिन्ही ठिकाणच्या मुलांना लागू पडते. त्यांचे दिवस मात्र सर्वस्वी वेगळे असतात.

या दोन्ही विद्यापीठांचा जन्मच तसा आहे. दिल्ली विद्यापीठ १९२२ साली केंद्रीय कायद्याने स्थापन झाले. त्यापूर्वीच सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस ही महाविद्यालये तेथे चालू होती. विद्यापीठ त्यांच्यावर छत्र म्हणून आले. (पहिले कुलगुरू डॉ. हरिसिंह गौर, आपल्या सागरचे. पुढे १९४६ साली त्यांनी सागरलाच विद्यापीठ काढले. आपल्या प्रांताने हे विसरू नये.) पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची, पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. फर्ग्युसन महाविद्यालय मात्र १८८५ पासूनचे. तोवर ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. २०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. तात्पर्य, महाविद्यालये आधीची आणि विद्यापीठे नंतरची. तेव्हा पालकांनी तुलना करायची ती महाविद्यालयाची महाविद्यालयाशी आणि विषयाची विषयाशी.

आता प्रवेशाच्या दाराकडे वळू. दिल्लीत २०२१ पर्यंत बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश होत असत आणि काही ठिकाणी यादी शंभर टक्क्यांवर थांबे. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा आली. बारावीच्या गुणांना आता किमान पात्रतेपुरतेच महत्त्व उरले आहे. या परीक्षेच्या माध्यमाच्या तेरा भाषांत मराठी आहे. आपल्या मुलांना मात्र तिचा उपयोग थोडाच, कारण त्यांचे मराठी स्वयंपाकघरातले, शाळेतले नव्हे.

या परीक्षेसंबंधी एक गोष्ट पालकांना फार उशिरा कळते. दिल्लीत परीक्षेचे विषय बारावीच्या विषयांशी जुळावे लागतात, आणि तेथील अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीला गणित अनिवार्य आहे. म्हणजे ज्या मुलीने अकरावीत गणित सोडले, तिच्यासाठी ते दार दोन वर्षे आधीच बंद झालेले असते, आणि ते बंद करताना घरात कोणालाही आवाज ऐकू येत नाही! पुण्यात बी.ए.ला अर्थशास्त्र गणिताविनाही घेता येते. ज्यांची मुले आज दहावीत आहेत, त्यांनी हे आज घरी गेल्यावरच बोलावे.

पुण्यात बहुतेक महाविद्यालये बारावीच्या गुणांवर प्रवेश देतात. काही स्वायत्त महाविद्यालयांची स्वतःची परीक्षा असते. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची, पदवी विद्यापीठाची. तेथे आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? एकाच इमारतीत, एकाच विषयाला, दोन तुकड्यांची फी निराळी असते, आणि माहितीपुस्तिकेत हा भेद बारीक टायपात असतो.

दाखल्यांचे प्रकरण कंटाळवाणे खरे, परंतु येथेच आपली फसगत होते. राखीव जागांसाठी दिल्लीत केंद्राची यादी चालते, महाराष्ट्रात राज्याची. दोन्ही एक नव्हेत. कुणबी केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत, मराठा नाहीत. केंद्रासाठी दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो. उलट, मध्य प्रदेशाने दिलेला जातीचा दाखला महाराष्ट्राच्या राखीव जागेला चालेल असे गृहीत धरू नये. व्यावसायिक अभ्यासक्रमांना अधिवासाचे नियमही निराळे आहेत आणि ते दरवर्षी नव्याने वाचावेत. मूळ दाखले संस्थेने अडकवून ठेवू नयेत असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम आहे. तो लक्षात असू द्यावा, कारण पुण्याचे प्रवेश बहुधा आधी होतात आणि दिल्लीचा निकाल नंतर लागतो.

राहण्याविषयी थोडक्यात. दोन्हीकडे वसतिगृहे अपुरी. दिल्लीत कमलानगर, विजयनगरात किंवा दक्षिण परिसराजवळ सत्यनिकेतनात पेइंग गेस्ट म्हणून राहावे लागते. पुण्यात कॉट बेसिसवर खोली आणि खाणावळीचा डबा. हा खर्च कॉलेजच्या फीपेक्षा सहज मोठा होतो. हिशेब मांडताना आधी तो मांडावा.

आता ज्याविषयी बोलू की नको असे मला वाटत होते, ते बोलतो.

माझ्या कन्येने २०२२ साली बारावीची परीक्षा दिली. सामाईक परीक्षेचे ते पहिलेच वर्ष. तिचे गुण चांगले आले होते आणि तिला दिल्लीला जायचे होते. त्या वर्षी सारेच लांबले, दिल्लीचे पहिल्या वर्षाचे वर्ग नोव्हेंबरात सुरू झाले. मी या विलंबाचा पुरेपूर उपयोग केला. ‘निम्मे वर्ष वाया जाईल’, ‘पुण्याला आत्या आहे’, ‘आपली भाषा, आपली माणसे’. मुद्दे सगळे खोटे नव्हते. परंतु माझ्या मनात खरोखर काय होते? अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके चाळीत उभा असलेला वीस वर्षांचा मी होतो. नोकरीसाठी सुटलेले माझे गाव मला तिच्या पायांनी परत गाठायचे होते. हे तिच्या आईला तेव्हाच समजले होते. मला समजायला दोन वर्षे लागली.

ती पुण्याला गेली. मायग्रेशन सर्टिफिकेट मागवायला मी विसरलो होतो, म्हणून दिवाळी आली तरी तिचा प्रवेश तात्पुरताच होता. हा माझा दोष. दुसरे मात्र मला ठाऊकच नव्हते. ‘मला सर्दी होऊन गेली’ असे ती वर्गात सहज म्हणाली आणि मुली हसल्या. तू मराठी आहेस हे सांगितल्याशिवाय कळत नाही, असे कोणीतरी म्हणाले. भोपाळात आयुष्यभर ‘मराठी’ म्हणून ओळखली गेलेली मुलगी पुण्यात ‘हिंदीवाली’ ठरली. दिल्लीत ती परकी ठरली असती, तरी त्याची तिला आधीपासून कल्पना असती. घरी जातो आहोत अशा समजुतीने गेलेल्या माणसाला परकेपण अधिक बोचते.

पुढे तिचे बस्तान बसले, हेही सांगितले पाहिजे. ती भरत नाट्य मंदिरात नाटके पाहू लागली, मराठी कादंबऱ्या वाचू लागली. आज तिचे मराठी माझ्याहून नेटके आहे आणि ती माझ्या चुका काढते. अर्थशास्त्राचे शिक्षकही तिला उत्तम लाभले. पदवी घेऊन २०२५ साली ती घरी आली, तेव्हा मी विचारले, ‘मग, पुण्याला पाठवले ते बरे झाले ना?’ ती म्हणाली, ‘बाबा, पुणे मला आवडलं. पण ते मी निवडलं नव्हतं.’

म्हणून विषयाचा विचार मुलाच्या हातून करवून घ्यावा. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांची ओढ असेल, राष्ट्रीय अभिलेखागार आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांच्या सहवासाचे मोल असेल, तर दिल्लीचे पारडे माझ्या मते जड आहे. सर्व महाविद्यालयांना एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षा, देशाच्या कानाकोपऱ्यांतील सोबती. हा लाभ लहान नव्हे. संस्कृत, पुरातत्त्व, खगोलभौतिकी यांकडे कल असेल, तर भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज आणि विद्यापीठाच्याच आवारातील आयुका हे शेजार पुण्याखेरीज एकत्र कोठे मिळणार? पदवीच्या मुलाला त्यांचे दार पहिल्याच वर्षी उघडत नाही, हे मान्य. पण व्याख्यानांना जाऊन बसता येते. आणि ज्याला अजून काहीच ठरविता आलेले नाही, त्याला ज्या गावी चांगली खोली आणि बरे जेवण मिळेल तेथे पाठवावे, असे मी स्पष्टच सांगेन.

आमचा धाकटा यंदा बारावीला आहे. गणित त्याने ठेवले आहे. दोन्हीकडचे माहितीपत्रक त्याच्या टेबलावर पडले आहे आणि मायग्रेशनच्या अर्जाची तारीख मी भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल शाईने लिहून ठेवली आहे. त्याने काय ठरवले, हे मी विचारीत नाही. त्याची आई विचारते, आणि मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसतो.