मोहऱ्याच्या पोटातला रेडिओ



हे भाषण ध्वनिमुद्रित करायला मी रायपूरहून नागपूरला आलो, तो रेल्वेनं. दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं, तसा मी पिशवीतून बुद्धिबळाचा पट काढला आणि पुढच्या आसनाच्या पाठीला घडीची फळी असते ना, तिच्यावर मांडला. दिसायला साधाच पट. पण त्याच्या घरांच्या कोपऱ्यांत बारीक दिवे आहेत, पोटात बॅटरी आहे, आणि आपल्यावर कोणता मोहरा कुठं उभा आहे हे त्याला कळतं. माझा मुलगा पुण्यात आपल्या पटावर प्यादं सरकवतो आणि मोबाईलच्या मध्यस्थीनं माझ्या पटावर त्या दोन घरांचे दिवे लागतात. मग ते प्यादं त्याच्या वतीनं मी हलवायचं.

डोंगरगड सुटल्यावर बोरतलाव, दरेकसा असा डोंगराचा नि बोगद्याचा टापू लागतो. छत्तीसगड संपतं, महाराष्ट्र सुरू होतो. तिथं गाडीनं असा हिसका दिला की अर्धा डाव माझ्या मांडीवर आला. आठवून आठवून मी मोहरे परत लावले. सगळे लागले असं मला वाटलं, पण दोन घरांचे दिवे काही विझेनात. निरखून पाहिलं, तर पांढरा उंट आणि पांढरा घोडा यांच्या जागांची मी अदलाबदल केली होती. त्या दोघांना आपापल्या घरी पाठवलं आणि दिवे विझले. शेजारचे गृहस्थ हे सगळं बघत होते. ते म्हणाले, ‘‘भैया, इसको कैसे पता चला?’’

त्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना गोंदिया येईपर्यंत देत होतो. तुम्हांला जरा आवरतं घेऊन सांगतो.

बाजारात इलेक्ट्रॉनिक पट पुष्कळ मिळतात. त्यांतल्या बऱ्याच पटांना मोहरा ओळखता येत नाही. घरात कोणीतरी आहे किंवा घर रिकामं आहे, एवढंच त्यांना कळतं. मोहऱ्याच्या बुडाशी लोहचुंबक, घराखाली चुंबकानं मिटणारी कळ. हा पट दुकानातल्या जुन्या कारकुनासारखा चालतो. सुरुवातीची शिल्लक त्याला पाठ असते, कारण डाव नेहमी तसाच मांडलेला असतो. ई-२ रिकामं झालं, ई-४ भरलं, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं गेलं, अशी नोंद तो करतो. नोंदी चुकल्या नाहीत तोवर खातं जुळतं. पण गाडीनं हिसका दिला की कारकुनाची वही फाटली. उंटाच्या जागी घोडा ठेवला, तरी त्याच्या लेखी दोन्ही घरं भरलेलीच.

ही युक्ती नवी आहे असं समजू नका. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात फॉन केंपेलेन नावाच्या माणसानं बुद्धिबळ खेळणारं एक यंत्र दाखवलं. पागोटं घातलेला तुर्क पेटीमागं बसलेला, आणि तो आपल्या हातानं चाल करतो! पुढं नेपोलियनसुद्धा त्याच्याशी खेळला. पेटीच्या आत अर्थातच एक माणूस दडलेला असे, मेणबत्ती लावून. वरची चाल त्या बिचाऱ्याला कशी कळायची? मोहऱ्यांच्या बुडाशी चुंबक होते, आणि पटाच्या खालच्या अंगाला प्रत्येक घराशी दोऱ्याला एक बारीक चुंबक टांगलेला. मोहरा ठेवला की तो वर ओढला जाई, उचलला की खाली पडे. आतल्या माणसाला दिसे ते इतकंच. मोहरा कोणता, ते त्यानं लक्षात ठेवायचं. त्यासाठी त्याच्या मांडीशी खुंट्यांचा एक लहान पट असे. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचा तुर्क आणि आजचा साधा इलेक्ट्रॉनिक पट यांची समज सारखीच म्हणायची.

आता ओळखणाऱ्या पटाकडे येतो. मी आयुष्यभर मुलांना पदार्थविज्ञान शिकवलं, तेव्हा इथं थोडा रेंगाळलो तर सांभाळून घ्या.

आपल्या घरी एके काळी जो रेडिओ होता, त्याचं मोठं गोल बटण फिरवून आपण स्टेशन लावत असू. आत एक तारेचं वेटोळं असे, आणि पत्र्यांच्या पाकळ्यांचा एक कंडेन्सर. रेडिओ दुरुस्त करणारे त्याला गँग म्हणत. बटण फिरलं की गँग फिरे. वेटोळं आणि गँग यांचा मेळ ज्या लहरीशी बसे, ते स्टेशन बोलू लागे, बाकीची गप्प. तेच वेटोळं आणि एक चिमुकला कंडेन्सर आता मोहऱ्याच्या बुडाशी, फेल्टच्या आत बसवलेला असतो. त्याला फिरवायचं बटण नाही. त्याचं स्टेशन कारखान्यातच कायमचं लावून दिलेलं. पांढऱ्या राजाचं एक, काळ्या राजाचं दुसरं, अशी सहा पांढरी आणि सहा काळी मिळून बारा स्टेशनं. पटाखाली तारांचं आडवं-उभं जाळं असतं. त्यातून पट एकेका घराला एकेक सूर ऐकवतो, आणि ज्याचा तो सूर असेल तो मोहरा आतल्या आत झणकारतो. सतारीच्या तरफेच्या तारा कशा, कोणी न छेडता, आपला सूर आला की बोलतात? तसंच. मोहऱ्यात बॅटरी नाही, काही नाही. सगळा पट डोळ्याचं पातं लवेपर्यंत वाचून होतो.

नेदरलँड्समधल्या डीजीटी कंपनीचे मोठ्या स्पर्धांत वापरले जाणारे पट याच तत्त्वावर चालतात. काही कंपन्या मोहऱ्यात चिप बसवतात, आणि प्रत्येक मोहऱ्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो. जुलै २०२५ मध्ये इथल्याच, नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या रायपुरात आम्ही एकेक चाल मोबाईलवर बघत होतो. अशा स्पर्धांतल्या चाली कोणी बसून टंकत नसतं, पटच त्या पाठवतो. आमच्याकडेही सप्टेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्री चषकाची आंतरराष्ट्रीय ग्रँडमास्टर स्पर्धा झाली, आणि तेव्हापासून रायपुरातल्या पोरांना ‘लाइव्ह बोर्ड’ हा शब्द चांगलाच ओळखीचा झाला.

यातली एक गंमत मला फार आवडते. डाव संपल्यावर खेळाडू हात मिळवतात, सह्या करतात, आणि मग दोन्ही राजे उचलून पटाच्या मध्यावर ठेवतात. पांढऱ्याची जीत झाली तर ई-४ आणि डी-५ या दोन पांढऱ्या घरांत. काळा जिंकला तर डी-४ आणि ई-५ या काळ्या घरांत. बरोबरी झाली तर एक राजा पांढऱ्या घरात, दुसरा काळ्यात. हा पटासाठी सांगितलेला निकाल असतो. पट राजाला राजा म्हणून ओळखतो, म्हणूनच हे जमतं.

ओळखीचाच विषय निघाला, तर आता रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात थोडं डोकावू. रायपूरची मराठी माणसं भोसल्यांच्या काळापासून या भागात आहेत, आणि ओट्यावर पट मांडायची खोड त्यांनी सोबत आणलेली. आमच्या अण्णांच्या पटावर काळा हत्ती हरवला होता. त्याच्या जागी शाईच्या दौतीचं टोपण असे. ते टोपण मी जन्मल्यापासून हत्ती होतं. कोणी ‘हे काय?’ म्हणून विचारलं नाही. ओट्यावर येणारा नवखा माणूससुद्धा दुसऱ्या चालीला त्याला हत्ती म्हणू लागे.

याच पटावर अण्णा सांगलीच्या आमच्या मामांशी पोस्टकार्डानं खेळत. सांगली म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांचं, नूतन बुद्धिबळ मंडळाचं गाव, तेव्हा मामांचा तोरा विचारूच नका. कार्ड जायला चार दिवस, यायला चार दिवस. एक डाव दीड वर्ष चालला. तेवढे दिवस पट कपाटावर मांडलेला. आईला बुद्धिबळ येत नव्हतं, पण दर शुक्रवारी ती एकेक मोहरा उचलून, खालचं घर फडक्यानं पुसून, तो मोहरा पुन्हा तिथंच ठेवी. तिनं एकदाही चूक केल्याचं मला आठवत नाही.

गेल्या दिवाळीत नातवानं ते टोपण शोधून काढलं आणि माझ्या या नव्या पटावर हत्तीच्या घरात ठेवलं. दिवा विझेना. पटाच्या लेखी ते घर रिकामंच होतं. नातवाला वाटलं पट बिघडला.

ओळख कुठं कामी येते, त्याचा एक नमुना प्याद्याच्या बढतीत आहे. आपल्या देशी पद्धतीत प्यादं घोड्याच्या घरात पोचलं तर त्याचा घोडा होई, उंटाच्या घरात उंट. हल्लीच्या नियमात हवं ते मागता येतं, बहुतेक जण वजीर मागतात. न ओळखणारा पट इथं अडतो. एक तर तो वजीरच गृहीत धरतो, नाहीतर मोबाईल उघडून सांगा म्हणतो. ओळखणाऱ्या पटावर तुम्ही घोडा ठेवलात की घोडा. म्हणून तर अशा संचात दोन जादा वजीर देतात.

मुंबईच्या दोन तरुणांची गोष्ट सांगायलाच हवी. भव्य गोहिल आणि आतुर मेहता यांनी ‘स्क्वेअर ऑफ’ नावाचा पट काढला. २०१६ मध्ये किकस्टार्टरवर जगभरच्या लोकांकडून आगाऊ पैसे जमवून त्यांनी तो बाजारात आणला. त्यात मोहरे आपोआप चालतात. पटाखाली एक यांत्रिक हात चुंबक घेऊन फिरतो, आणि घोडा इतरांच्या मधल्या फटीतून वाट काढत जातो. पाहताना अंगावर काटा येतो. पुढं त्यांनी गुंडाळून नेता येणारा पटही काढला. मूळ कल्पना मात्र अंध खेळाडूंसाठी पट करण्याची होती, आणि मला ती या सगळ्या तमाशाहून मोठी वाटते. अंधांच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोचणी असते, प्रत्येक घराला खुंटीचं भोक असतं. दोघांचे पट वेगळे, आणि चाल मोठ्यानं सांगायची. ऐकण्यात घोटाळा नको म्हणून ए, बी, सी असं न म्हणता ॲना, बेला, सेझार अशी नावं घेतात. मुंबईचे चारुदत्त जाधव स्वतः अंध. त्यांनी अंधांचं बुद्धिबळ देशभर उभं केलं आणि टॉक-६४ हा बोलणारा बुद्धिबळाचा प्रोग्राम केला. मोहरा ओळखणारा आणि बोलणारा पट अशा माणसांच्या हाती स्वस्तात पडला, तर विद्येचं चीज झालं म्हणेन.

आता माझं मत विचाराल तर स्पष्ट सांगतो. यंत्र किती जोरात खेळतं याची जाहिरात वाचून पट घेऊ नका. फुकटातला प्रोग्रामसुद्धा तुम्हांला आणि मला सहज मात देतो. पट घ्यायचा तो डोळे मोबाईलवरून उठावेत म्हणून. घरासाठी ओळखणाराच घ्या, कारण घरात मुलं असतात, डाव अर्धवट सोडून कुकर बंद करायला उठावं लागतं, मध्येच कोडं मांडून बघावंसं वाटतं. प्रवासासाठी लहान पट असेल तर मोहरे घराच्या मध्यावर ठेवायची सवय लावा, कडेला ठेवलेल्या मोहऱ्याचा आवाज नीट ऐकू येत नाही. विमानानं जात असाल तर तो हातातल्या सामानात ठेवा, आत लिथियमची बॅटरी असते. आणि एकाच कंपनीच्या ॲपवर चालणारा पट घेऊ नका. मी पहिला घेतला तो तसा होता. नाव घेत नाही, पण वर्षभरात ते ॲप माझ्या नव्या फोनवर चालेना, आणि पटाचा पाट झाला. सध्या त्यावर आमच्या घरी पापड लाटतात.

पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला एक गोष्ट मात्र जरूर विचारा: सुटा काळा हत्ती मिळतो का? ‘मिळतो’ म्हणाला तर पट घ्या.