संगणकाचं मराठी बोलणं

मराठवाड्यातलं नेकनूर हे कीर्तनकार बंकटस्वामी महाराजांचं गाव. इथं सप्ताहात पोथी वाचणारा अडखळला, तर मंडपात बसलेली, अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा त्याला टोकते. अशा कानांपुढे संगणकानं मराठी वाचायचं म्हणजे परीक्षा कडकच!

सुरुवात लिनक्सपासून करू. ही मोफत आणि खुली कार्यप्रणाली. तिच्या ‘उबंटू’ या रूपामध्ये अंध व्यक्तींना पडदा वाचून दाखवणारं ‘ऑर्का’ आधीपासूनच असतं. विंडोजचं चिन्ह असलेली कळ, ऑल्ट आणि एस एकदम दाबलं की ते बोलू लागतं. त्याचा आवाज बहुधा ‘ई-स्पीक’ या बोलणाऱ्या प्रोग्रामचा असतो. जोनाथन डडिंग्टन यांनी ई-स्पीकचं मूळ रूप १९९५ मध्ये एकॉर्न संगणकांसाठी लिहिलं.

ई-स्पीक कुणाच्या ध्वनिमुद्रित शब्दांचे तुकडे जोडत बसत नाही, आवाजाच्या लहरी बहुतांशी गणितानं घडवतो. म्हणून शंभराहून अधिक भाषा काही एमबीत मावतात आणि जुना संगणकही अडत नाही. आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. तरीही सरावलेले अनेक अंध वाचक तोच पसंत करतात, कारण वेग खूप वाढवला तरी शब्द सुटे ऐकू येतात. कार्यालयातली पत्रं झरझर उरकायला तो उत्तम. कादंबरी ऐकायची, तर जीव कंटाळतो.

खरी अडचण मराठीच्या उच्चारांची. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतला च एकच लिहितो, पण दोन तऱ्हांनी बोलतो. ‘जन्म’ आणि ‘जग’ यांचंही तेच. ‘ज्ञान’ हिंदीच्या वळणानं ‘ग्यान’ झालं, की आपले कान लगेच टवकारतात. इथं खुलेपणाचा उपयोग होतो. ई-स्पीकचे मराठी नियम साध्या मजकुराच्या फाइलीत आहेत. ते कुणालाही वाचता येतात, सुधारता येतात आणि ती सुधारणा सगळ्यांपर्यंत पोहोचवता येते. विकत घेतलेल्या बंद आवाजात चूक सापडली, तर कंपनीकडे अर्ज करून वाट पाहायची.

माणसासारखा आवाज हवा असेल तर दुसरी वाट आहे. आयआयटी मद्रासमधल्या ‘एआय-फॉर-भारत’ गटानं २०२२ मध्ये तेरा भारतीय भाषा बोलणारी खुली मॉडेल्स दिली. त्यांत मराठी आहे. ही मॉडेल्स तासन्‌तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून बोलायला शिकतात, त्यामुळे वाक्याचा चढउतार बराच नैसर्गिक येतो. पण त्यांना दमदार संगणक लागतो आणि ऑर्काला जोडायला जाणकार माणूस लागतो.

शिवाय असा आवाज जे ऐकलं तेच बोलतो. मराठवाड्याचा हेल त्याच्या कानावरच पडला नाही, तर तो त्याच्या तोंडी येणार कुठून? प्रोग्राम मोफत मिळतात, आवाज मात्र आपणच द्यायला हवेत. स्वच्छ वाचणारे शिक्षक, कीर्तनकार, निवेदक आपल्या भागात कमी नाहीत. शांत खोली, बरा मायक्रोफोन आणि विविध विषयांची वाक्यं एवढ्यावर सुरुवात होते. मात्र तो आवाज पुढे कुणीही, कशासाठीही वापरू शकेल, हे वाचणाऱ्याला आधी नीट समजावून सांगावं, लेखी संमती घ्यावी आणि मगच ते ध्वनिमुद्रण खुल्या परवान्याखाली सर्वांना द्यावं. महाविद्यालयातल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांनी असा प्रकल्प घ्यावा, आणि तयार झालेला आवाज तपासायला आधी अंध वाचकांना बोलवावं.