बी मातीत आहे, फोनमध्ये नाही

चंद्रपूर म्हटलं की तुम्हाला मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आठवतं, हो ना? पण फेब्रुवारीच्या शेवटी, पळस फुललेला असताना, कधी कधी थंडी परत फिरते. तेव्हा मी मूल तालुक्यात, आमच्या गावी होतो. लॅपटॉप घेऊन, वर्क फ्रॉम होम.

आईनं वाडीत कारलं, काकडी लावली होती. उन्हाळ्यात हीच भाजी आठवडी बाजारात जाते, त्यावर घरखर्च चालतो. दहा दिवस झाले, एक कोंब नाही. मी मोबाईल दाखवला, "आई, दुपारी २८ अंश आहे, उगवेल."

"तुझा फोन हवा मोजते बाप्पा! बी तं मातीत हाये ना."

सकाळी हात लावला, माती गार. आभाळ मोकळं असलं की दिवसाची ऊब रात्री निघून जाते. काकडी-कारल्याला साधारण २० अंशांच्या वरची माती हवी, नाहीतर बी कुजतं.

उरलेलं बी आईनं ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवलं. मोड आल्यावर लावलं. रात्री वर तणस, ऊन आलं की बाजूला. सांबार मात्र थंडीत मजेत होता!

यावेळी कोंब आले. तुमच्या घरी बी कसं जगवतात? व्हॉइस नोट नक्की पाठवा.